इनासकाकांचा फ्लोअर

इनासकाका पाहुणे म्हणून येतात ते टाल्कम पावडरचा डबा घेऊन. बुटाच्या टोकाने फरशी चाचपतात, "फ्लोअर कोरडा हाय गो," असं नाक मुरडून जाहीर करतात आणि आमच्या हॉलभर पावडर भुरभुरतात. दोहात आम्ही दिवसभर बाहेरची धूळ पुसायची आणि संध्याकाळी या गृहस्थांनी ही नवी आणायची! पहिल्याच भेटीत माझा नवरा चहाच्या ट्रेसकट आडवा झाला. काका खूश. "बघ, आता पाय सरकतो. यल्ला, नाचा!"

फरीज बिन ओमरानमधले आमचे हे शेजारी मूळ वसईचे, इथे हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरीला. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ बॅण्डमध्ये कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ. "बायकांचे कापलेले केस, आखूड झगे, अन् चार्ल्स्टनचा नाच! अख्खी मुंबई आमच्या आजाने नाचवली," हे सांगताना काकांची छाती अशी फुगते की शर्टाच्या बटणांची काळजी वाटते. बॅण्डवाल्यांना मात्र हॉटेलातल्या त्या नाचाच्या फ्लोअरवर पाय ठेवायची बंदी होती. आजी जेवणाचा डबा घेऊन जायची, तीही स्वयंपाकघराच्या दारातूनच ऐकायची. हा भाग काका भराभर उरकतात.

तोच कॉर्नेट आता काका वाजवतात. हळदीलाही कधी न नाचलेल्या माझ्यासारख्या सातारकरणीला त्यांनी फॉक्सट्रॉट शिकवला, तोही खुर्चीत बसून. "डावा गो! तो उजवा!"

"तुम्ही का नाही नाचत?" मी एकदा रोझीकाकूंना विचारलं.

"कोणासंगं? नवरा वाजवतोय ना," त्या म्हणाल्या. हसल्या, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात काका रिटायर झाले. वसईला परत जायच्या आदल्या आठवड्यात अल गराफातल्या एका व्हिलात त्यांच्या निरोपाची पार्टी होती. काकांनी आल्या आल्या पावडरचा डबा फरशीवर रिकामा केला आणि कॉर्नेट तोंडाला लावला. आम्ही नाचू लागलो. काकू नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात, हातात डाव घेऊन.

अचानक त्यांनी डाव ठेवला, फ्लोअर ओलांडला आणि काकांच्या हातातून कॉर्नेट काढून घेतला. "खलास. आज माझ्यासंगं नाचायचं."

काकांचा चेहरा पडला. "अगो, मला नाचता नाय येत."

सगळ्या शेजाराला नाचवणारा हा माणूस!

"ठाऊक हाय. लग्नाच्या दिवसापासून ठाऊक हाय," काकू म्हणाल्या. "मला येतं. दारातून बघून शिकले मी."

आम्ही टाळ्यांवर ताल धरला. काकांचा पाय दोनदा काकूंच्या पायावर पडला, एकदा माझ्या. काकू मात्र अशा फिरल्या की माझा ऊर भरून आला. दोघांचा इतका अभिमान वाटला की टाळी चुकली.

शेवटी यजमानीण झाडू घेऊन आली, तर काका तिच्या आडवे आले. खाली पावडरीत त्यांच्या बुटांचे वाकडेतिकडे ठसे होते, आणि शेजारी काकूंचे नेटके.

"सकाळपर्यंत राहू दे गो," ते म्हणाले. "आमच्या घरातले पाय पहिल्यांदाच फ्लोअरवर उमटलेत."