सांगायचे नाही

रविवारचा लेकीचा फोन संपला, बैठक संपवून उठावं तसे चिटणीस उठले, आणि कोपर लागून लॅपटॉप थेट फरशीवर आला. तो सहा जाडजूड शब्दकोशांच्या थप्पीवर ठेवलेला होता. इतक्या उंचावर, की लेकीला पडद्यावर मागच्या ओट्यावरची एकुलती एक ताटली दिसत नसे, फक्त भिंतीवरचं चित्र दिसे.

चिटणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं एका कचेरीत त्यांनी बैठकांची इतिवृत्तं लिहिली, म्हणून इमारतीतले लोक त्यांना तसं म्हणत. पुढे नोकरी संपली, बायको गेली, लेक लग्न होऊन दूर गेली. सवय तेवढी कुठे गेली नाही. लेकीच्या फोनचीही ते विषयपत्रिका करत. समोरच्या गच्चीवरची कबुतरं, वाचनालयातलं भांडण, असे आठवडाभर जमवलेले विषय 'सांगायचे' या फाइलमध्ये असत. ती कुठे हसली याचीही नोंद असे. विषय नसले की फोन चार मिनिटांत आटपे, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत घरात कुणाचा आवाज नसे.

दुसरी एक फाइल होती, 'सांगायचे नाही'. लेक आली की हा लॅपटॉप वापरायची, म्हणून दोन्ही फाइली त्यांनी 'जुनी गॅरंटी कार्डं' या नावाखाली दडवल्या होत्या.

दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क कानाशी धरली. आतून टकटक येत होती.

"काका, ही आता फार दिवसांची सोबती नाही. वाचेल तेवढं वाचेल. आधी काय काढू?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत गॅरंटी कार्डांसाठी गयावया करणं चिटणीसांच्या जिवावर आलं. "महत्त्वाचं काढा," ते म्हणाले.

दुरुस्तीवाला शब्दाचा पक्का. त्याला 'महत्त्वाचे' याच नावाचा फोल्डर सापडला, आणि त्याने दोन दिवस खपून तो काढला. त्यात एकतीस वर्षांची इतिवृत्तं होती. पाण्याचं पिंप जिन्याखाली ठेवावं की दाराशी, यावरच्या अकरा बैठका अक्षरही न गमावता वाचल्या. डिस्कने मात्र जवळपास मान टाकली.

मग चिटणीसांचा धीर सुटला. त्या गॅरंटी कार्डांआड खरं काय आहे ते त्यांनी सांगून टाकलं. दुरुस्तीवाला हसला नाही. शनिवारपर्यंत तो त्या डिस्कशी झटत राहिला आणि संध्याकाळी नवी डिस्क बसवलेला लॅपटॉप घेऊन स्वतः घरी आला.

"दोनातली एकच निघाली," तो म्हणाला. नीट उघडते का बघायला त्याला ती उघडावी लागली होती. जाता जाता तो दारात थांबला. "काका, गुडघा कुणाला दाखवलात का?"

कोणती फाइल वाचली ते चिटणीसांना कळलं.

रविवारी चारला लेक पडद्यावर आली. तिने नवीन काय विचारलं. चिटणीसांना एक विषय सुचेना. कबुतरंसुद्धा त्या आठवड्यात सरळ वागली होती. तिने तिकडची हवा सांगितली, यांनी इकडची सांगितली. तिसरं मिनिट सरत आलं.

"बरं बाबा, ठेवू मग?"

चिटणीसांनी वाचलेल्या फाइलीतून सकाळी उतरवून घेतलेला कागद उचलला आणि कचेरीतल्या त्याच कोरड्या आवाजात वाचायला लागले. "विषय एक. मार्चमध्ये जिन्यावरून पडलो. गुडघा अजून दुखतो. विषय दोन. शेजारची खोली रिकामी झाली, आता या मजल्यावर मी एकटाच. विषय तीन. तुझा फोन झाला की संध्याकाळ जात नाही."

लेक पडद्याच्या जवळ सरकली.

"तुम्ही हे लिहून ठेवलंय?"

"सांगायचं नाही म्हणून लिहून ठेवलं."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "माझाही एक विषय घ्या, बाबा. आम्ही दोघं आता एकत्र राहत नाही. जानेवारीपासून. दर रविवारी तुमच्या कबुतरांवर हसायचे तेवढंच, इकडे सोबत हसायला कोणी नाही."

फोन सव्वा तास चालला. नंतर चिटणीस इतिवृत्त लिहायला बसले, आणि काय ठरलं ते त्यांना धड सांगता येईना. गुडघा दाखवायचा, एवढंच लिहिलं.

मंगळवारी ताटली धुताना लॅपटॉप वाजला. तो शब्दकोशांवर नव्हता, ओट्याजवळच उघडा पडला होता. पडद्यावर लेक होती. चिटणीस ओल्या हातांनी कागद शोधू लागले.

मंगळवारची विषयपत्रिका त्यांनी आजवर कधी केलीच नव्हती.