गोदूबाईंचं बोट

मनुष्यप्राणी या जगात प्रवेश करतो तो पहिल्या श्वासाने, असं शहाणीसुरती माणसं सांगत आली आहेत. आमच्या गावच्या दवाखान्यातल्या गोदूबाई नर्सना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते तो प्रवेश करतो सोंग घेऊन.

त्यामुळे कुणी निपचित पडलेलं दिसलं की गोदूबाई चालता चालता थांबत आणि त्याच्या नाकाखाली आपलं बोट आडवं धरत. ऊन श्वास लागला की एक शब्द न बोलता पुढे जात. ओट्यावरचे म्हातारे, पेंगणारे गाडीवान, पिंपळाखाली आडवा झालेला पोस्टमन, कुणी सुटलं नाही.

बाळंतपणाच्या खोलीचं उद्घाटन झालं, तेव्हा भिंतीवर संगमरवरी पाटी लागली. खोलीतल्या टेबलापेक्षा ती लांब होती. अध्यक्षांनी मातृशक्तीवर भाषण केलं. ते रंगात आलं तेव्हा पाहुणे म्हणून आलेले मोठे अंमलदार खुर्चीत मान टाकून स्वस्थ झाले होते. गोदूबाई उठल्या, व्यासपीठावर गेल्या, त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, आणि सभेकडे वळून म्हणाल्या, "जित्ता शे." जिवंत आहे, एवढं जाहीर करून त्या जागेवर येऊन बसल्या. त्या समारंभातलं तेवढंच वाक्य गावाच्या लक्षात राहिलं.

संशय हा त्यांचा स्थायीभाव होता. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवायच्या आणि ते त्याच्याच तोंडासमोर धरायच्या. म्हणायच्या, "तापीमायले बी पान्हा फुटना का रे?" देवळात हात जोडायच्या ते एक डोळा उघडा ठेवून. देव काय करतो आहे, हे कुणीतरी बघायला नको का?

मी पेशाने वकील. संशय हा माझाही धंदा, आणि मला संशय होता तो गोदूबाईंचाच. म्हसावदपासून लोणखेड्यापर्यंत बायका सांगत की गोदूबाई मेलेली मुलं उठवतात. अशा साक्षी मी रोज ऐकतो. एकदा त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "गोदूबाई, तुम्ही उठवता ती मुलं खरोखर मेलेली असतात की मुळात मेलेलीच नसतात?"

त्यांनी माझ्याकडे दुधाकडे बघावं तसं बघितलं. "मी कव्हय सांगं मरेल शे म्हनी? ते तुम्हीच सांगतस, वकीलभाऊ."

उलटतपासणीत मी इतका उघडा क्वचितच पडलो आहे.

मूल उपजल्यावर रडलं नाही, तर आमच्याकडे त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. जीव वाट चुकला असेल तर आवाजाच्या रोखाने परत येतो, अशी समजूत. गोदूबाईंचा त्या थाळीवर काडीचाही विश्वास नव्हता. तरी बाळंतिणीच्या सासूला त्या थाळी घेऊनच बोलवत आणि वेळ आली की दाराबाहेर वाजवायला बसवत. कारण विचारलं तर म्हणत, "हात रिकामा ऱ्हायना की म्हतारी रडाले लागस. अन् एक रडनी की समदा घर मानी लेस." घराने एकदा मानलं की पुढच्या कामाला अर्थ उरत नाही, असा त्यांचा अनुभव.

माझ्या बायकोची, यमुनेची, वेळ भर दुपारी आली. आमचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. हेही गेलं तर ती पुन्हा उभी राहणार नाही, हे मला दिसत होतं. शहाद्याच्या कचेरीत तारीख होती म्हणून मी काळा कोट घालून निघालो होतो, तो दवाखान्याच्या ओसरीवरच थांबलो. आतून यमुनेचं ओरडणं थांबलं. त्यानंतर जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही. दार किलकिलं झालं आणि गोदूबाई माझ्या मायला म्हणाल्या, "थाळी वाजाड."

माय वाजवू लागली. दाराच्या फटीतून मला एवढंच दिसलं, की एक ऊन पाण्याचं आणि एक गार पाण्याचं अशी दोन घमेली आहेत आणि गोदूबाई एक निळसर पोर या पाण्यातून त्या पाण्यात बुचकळताहेत. मग त्यांनी कापड गुंडाळलेल्या बोटाने त्याचं तोंड आतून पुसलं, तोंडानाकावर मलमल टाकली आणि फुंकर घातली. दिवा विझू नये अशा बेताची, नुसत्या गालातली फुंकर. मधेच त्या त्याच्या कानाशी पुटपुटत, "सोंग करी ऱ्हायनं. लबाड शे. माले समजस."

मायचे हात थांबले. "भाऊ, आते ऱ्हाऊ दे," ती मला म्हणाली. "देवनी मर्जी."

आतून आवाज आला, "थाळी काब थांबनी? निकाल कोनी दिधा?"

मी मायच्या हातून थाळी घेतली. काळ्या कोटातला वकील भर दुपारी थाळी बडवतो आहे, हे पाहून रस्त्यावर माणसं जमली. कोंडवाड्यातल्या गुरांचा लिलाव आहे असा त्यांचा समज झाला, आणि एकाने बैल कुठे आहेत म्हणून विचारलंही. मी वाजवत राहिलो. आतून एक बारीक, कुरकुरणारा, मांजरासारखा आवाज आला, तेव्हाही माझे हात थांबेनात. शेवटी गोदूबाईंनीच बाहेर येऊन थाळी काढून घेतली. "बस. सोंग सोडं त्यानी. मुलगा शे."

सगळीच सोंगं नसत. जी मुलं खरोखरच गेलेली असत, त्यांनाही गोदूबाई पाणी निवेपर्यंत सोडत नसत, आणि मग एक विचित्र गोष्ट करत. मुलाच्या बापाला आत बोलवून, त्याचं बोट धरून त्या नाकाखाली टेकवत आणि म्हणत, "तुम्ही सोता देखा." मला हे फार क्रूर वाटे.

बारशाचं आमंत्रण द्यायला मी गेलो, तर त्या नाही म्हणाल्या. "मी रांडमुंड. पाळनाजोडे मन्हं काय काम?" गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी रडायला लावलं होतं, पण एकाही बारशाला त्या गेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "यमुना म्हनस, गोदूबाई येतीन तव्हयच पाळना हालीन."

त्या बराच वेळ हातातली मलमल घडी करत राहिल्या. मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या बी असाच गप उना व्हता. सासूनी फडकामा गुंडाळा अन् बाहेर दी टाका. मी इचारं, नाकखाले कोनी बोट धरं व्हतं का? समदा गप. सासू मरनी, मालक मरना. आजपरेंत कोनी सांगं नई."

निघताना मी एवढंच सांगितलं, की त्या येईपर्यंत पाळणा हलणार नाही.

बारशाला त्या आल्या. दारातच उभ्या राहिल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, तेव्हा यमुनेनेच त्यांना हाताला धरून पाळण्यापाशी नेलं. मूल गाढ झोपलं होतं. गोदूबाईंनी आशीर्वाद दिला नाही, ओवाळलं नाही. त्या वाकल्या, बोट नाकाखाली धरलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसंच ठेवलं.

मूल दचकून जागं झालं आणि त्याने जे भोकाड पसरलं, ते घुगऱ्या वाटून होईपर्यंत आवरलं नाही. आत्याने कानात नाव सांगितलं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. नाव यशवंत आहे. गल्लीत त्याला सोंग्या म्हणतात. सध्या तो जकात नाक्यावर कारकून आहे आणि कुणाच्याही गाडीवर विश्वास ठेवत नाही.