समरकंदचं पुस्तक आणि सकपाळकाका

सकपाळकाका इतिहासाचं पुस्तक घेण्याआधी त्याचं एक्केचाळिसावं पान उभ्याने वाचतात. डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयात मी पंधरा वर्षं काउंटर सांभाळते आहे. शेवट आधी वाचणारे पाहिले, पण हा प्रकार एकच. "पहिली चाळीस पानं लेखक सावरून बसलेला असतो," हे काकांचं शास्त्र. "एक्केचाळिसाव्याला कळतं, खरा कसाय ते."

केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले, ठाकुर्लीला एकटे राहणारे काका वर्षभर एकच मागत होते. बगदाद, बुखारा, समरकंद, तिकडच्या जुन्या राजवटींवरचं, सहज वाचता येईल असं मराठी पुस्तक. मी दिलेलं प्रत्येक पुस्तक काउंटरवर परत आदळायचं. "एका पानात चार सुलतान मेले, ताई! लोक जेवायचे काय, ते कुणी लिहीतच नाही." एकदा वंशावळीचा तक्ता बघून म्हणाले, "हे आमच्या बॉयलरच्या पाइपांचं ड्रॉइंग आहे."

गेल्या महिन्यात मात्र ते रोज यायला लागले. हसणं बंद. "रविवारच्या आत पाहिजे." त्यांना हवं तसं एक पुस्तक आमच्याकडे होतं, पण कल्याणच्या एका सभासदाकडे अडकलेलं. शुक्रवारी एकदाचा त्याचा फोन लागला. "अहो, घर बदललं ना. सकाळीच रद्दीत गेलं सगळं."

काका पांढरे पडले. "कुठल्या रद्दीवाल्याकडे? विचारा, ताई, विचारा!"

आम्ही रिक्षाने त्या रद्दीवाल्याकडे धावलो. आम्ही पोचलो तेव्हा गठ्ठे टेम्पोत चढून झाले होते आणि इंजिन सुरू होतं. काका सरळ टेम्पोसमोर जाऊन उभे राहिले. "गाडी हलणार नाही!" रद्दीवाला ओरडला, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, मागे रिक्षा तुंबल्या. मी सुतळ्या सोडत होते. अकराव्या गठ्ठ्यात आमचा शिक्का दिसला.

काकांनी तिथेच एक्केचाळिसावं पान उघडलं. समरकंदच्या बाजारात एक खरबूजवाला गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर आला होता. वाचता वाचता काका गठ्ठ्यावर बसले.

"रविवारी मुलगी येतेय," ते म्हणाले. "समरकंदला डॉक्टरकी शिकायला गेलेली. तिथल्याच मुलाशी लग्न केलं. पाच वर्षं मी बोललो नाही तिच्याशी. आता जावयाला घेऊन येतेय. त्याच्या गावाबद्दल एक गोष्ट तरी मला नीट विचारता यायला नको?"

सोमवारी काका रिकाम्या हाताने आले. "जावयाला विचारलंत काही?" मी म्हटलं.

"कसलं काय! तोंडच उघडेना माझं. टेबलावरचं पुस्तक मुलीनेच उचललं. आता ती वाचते आणि त्याला त्यांच्या भाषेत सांगते. मी आपला आत चहा करत राहतो." मग म्हणाले, "घरात तिचा आवाज येतोय, ताई. पुस्तक अजून आठवडाभर राहू दे."