फ्रीजवाल्यांचं तिरामिसू

सकाळी साडेसहाला बायको शाळेच्या ऑफिसात कामावर गेली. जिन्यावरची तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी फ्रीजवाल्यांनी दाराला कडी घातली, तिचा एप्रन अंगावर चढवला आणि बिस्किटांचा पुडा फोडला. पंचवीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. आज ते तिरामिसू करायला निघाले होते.

तिरामिसू म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कडक कॉफीत बुडवलेली लांबट बिस्किटं, त्यांच्यावर चीज आणि क्रीमचा जाड थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा थर आणि वरून कोको पावडर. शेगडी पेटवायची ती फक्त कॉफीपुरती. मग चार-पाच तास चांगल्या फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं, की वड्या पाडण्याइतकं घट्ट होतं. आता ज्याचा धंदाच फ्रीज दुरुस्त करण्याचा, त्याला याहून सोपं काय असणार, असं तुम्हांला वाटेल. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बायको त्याच संध्याकाळी सातच्या बसने तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला चालली होती. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणाचं निदान काहीतरी करता येतं. पण मागच्या आठवड्यात दूध पुन्हा नासलं, तिने ते मुकाट्याने मोरीत ओतलं, पातेलं घासून पालथं घातलं आणि म्हणाली, "मी ताईकडे जाऊन राहते जरा." किती दिवस, असं यांनी विचारलं, तर "बघू," म्हणाली. तीस वर्षं यंत्रं उघडून बघणाऱ्या माणसाला एवढं नक्की कळत होतं, की कुरकुर करणारं यंत्र ताळ्यावर येतं, गप्प झालेल्याची धास्ती घ्यावी.

आणि तिरामिसूच का, तर त्यालाही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने मासिकात वाचून हा पदार्थ केला होता. दोन दिवस खपली होती बिचारी. पण घरच्या फ्रीजने तेव्हाच मान टाकायला सुरुवात केली होती, त्यामुळे ते घट्टच झालं नाही. पाहुण्यांसमोर तिने भांडं आणलं आणि या शहाण्याने भर मैफलीत जाहीर केलं, की मंडळी, ताटल्या ठेवा, पेले घ्या, आज पिण्याची मिठाई आहे. सगळे खो-खो हसले. तीही हसली. त्यानंतर तिने तो पदार्थ कधी केला नाही, आणि वाढदिवसही कधी केला नाही.

फ्रीजचं काय, असं ती त्यानंतर कितीदा तरी म्हणाली. दर वेळी यांचं उत्तर तयार असायचं. फ्रीजला काहीही झालेलं नाही, तूच दार सारखं उघडतेस. तू गरम भांडी ठेवतेस. तू कोंबून भरतेस. सगळ्या वस्तीचे फ्रीज ज्यांच्या हातून बरे होऊन गेले, त्यांच्या घरचा फ्रीज बिघडलेला असेल हे त्यांना कबूलच नव्हतं. खरं तर दिवसभर लोकांचे फ्रीज उपसून घरी आल्यावर पुन्हा पाना हातात धरायचा त्यांना कंटाळा यायचा. पण कंटाळा येतो म्हणण्यापेक्षा बायकोची चूक काढणं सोपं होतं.

असो. तर फ्रीजवाले कामाला लागले. क्रीम फेटायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी तारेचा फेटणीचमचा ड्रिल मशीनच्या तोंडात बसवला. पहिल्या झटक्यात अर्धं क्रीम भिंतीवर गेलं. उरलेलं त्यांनी इतकं इमानदारीने फेटलं की त्याचं लोणी झालं. मग एप्रनसकट खाली जाऊन दुसरं क्रीम आणलं, वाण्याच्या नजरेला नजर न देता. बिस्किटं कॉफीत किती वेळ बुडवायची हे त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून ठरवलं, थरांची उंची पट्टीने मोजली आणि आठ वाजता खरोखरच एक देखणं भांडं ओट्यावर तयार झालं. ते त्यांनी फ्रीजमध्ये ठेवलं, आणि निव्वळ सवयीने खिशातलं थर्मामीटर शेजारी टेकवलं.

दहा मिनिटांनी बघितलं तर चौदा डिग्री. चार हवी होती. सहा वर्षांत त्यांनी या फ्रीजमध्ये थर्मामीटर एकदाही ठेवलं नव्हतं, कारण काय दिसेल ते त्यांना माहीत होतं.

आता इथे कुठल्याही सरळ माणसाने पिशवीतून पाना काढला असता. पण यांच्या डोक्यात आज एकच गोष्ट, तिरामिसू संध्याकाळपर्यंत घट्ट झालं पाहिजे. त्यांनी भांडं झाकलं, स्कूटरवर पायांत धरलं आणि जीव मुठीत घेऊन दुकानात नेलं. दुकानात एक फ्रीज टेस्टिंगला लावलेला होता. फ्रीजवाल्यांचा नियम होता, की दुरुस्त केलेला फ्रीज दुकानात चोवीस तास चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या दारात जायचा नाही. हा फ्रीज दातांच्या डॉक्टरीणबाईंचा, आणि काय गार करत होता म्हणून सांगू. त्यांनी भाजीचा खालचा कप्पा ओढला, भांडं आत सरकवलं आणि वर वर्तमानपत्र पसरलं.

वर्तमानपत्र पसरण्याचं कारण त्यांचा मेव्हणा. तो दुकानात गल्ल्यावर बसायचा, आणि त्याच्या कानावर गेलेली गोष्ट अर्ध्या तासात त्याच्या बहिणीच्या कानावर जायची. म्हणून त्याला काही न सांगता फ्रीजवाले एका हॉटेलच्या मोठ्या कामावर निघून गेले.

ते परतले तेव्हा तीन वाजून गेले होते. फ्रीजच्या जागी फरशीवर धुळीचा चौकोन होता. मेव्हण्याने उत्साहाने सांगितलं, की बारा वाजता चोवीस तास भरले, डॉक्टरीणबाई तीन आठवडे तगादा लावून होत्या, म्हणून टेम्पो बोलावून लगेच रवाना केला.

"मला विचारायचं तरी," फ्रीजवाले म्हणाले.

"दाजी, तुम्हीच म्हणता ना, चोवीस तास झाले की विचारत बसू नकोस म्हणून."

ते म्हणत होते खरं. रोज म्हणत होते.

डॉक्टरीणबाईंचं घर दवाखान्याच्या मागच्याच खोल्यांत होतं. वाटेत फ्रीजवाल्यांनी बऱ्याच थापा जुळवल्या. गॅस तपासायचा राहिला, कप्प्याचा स्क्रू ढिला आहे, वगैरे. पण दारातच बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, तीन आठवडे तुम्हांला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही मात्र उशीर झाला म्हणून एवढी सुंदर भेट पाठवलीत, वर गाजावाजा नको म्हणून भाजीच्या कप्प्यात झाकून. हल्ली अशी माणसं कुठे राहिली आहेत?

आत भांडं दिसलं. टेम्पोत हिंदकळून सगळं एका बाजूला कललं होतं आणि दुसरी बाजू खरवडून स्वच्छ झाली होती. बाईंनी स्वतः खाल्लं होतं, त्यांच्या मदतनीस बाईंनी दोनदा खाल्लं होतं, आणि दाढ काढून बसलेल्या दोन पेशंटना थंड आणि मऊ काहीतरी खायला हवंच होतं, त्यांनाही वाटीभर दिलं होतं. त्यांतले एक गृहस्थ अजून बाकावर होते. त्यांनी सुजलेल्या गालाने, डोळे मिटून, फार छान झाल्याची खूण केली. दिवसभर गोड खाऊ नका म्हणून लोकांना दटावणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या वरच्या ओठावर कोको पावडर होती.

मग त्यांनी फ्रीजवाल्यांना खुर्चीवर बसवलं. दुसरी रिकामी नव्हती म्हणून पेशंटच्याच खुर्चीवर बसवलं, ताटलीत तिरामिसू दिलं आणि खा म्हणाल्या. ती खुर्ची मागे कलली की माणसाला नाही म्हणता येत नाही. फ्रीजवाल्यांनी खाल्लं. फार सुरेख झालं होतं, हे आणखी वाईट.

"बायकोने केलं असेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

खरं सांगायची ही वेळ होती. पण सकाळपासूनचा ड्रिल मशीनचा उद्योग कोण सांगत बसणार? फ्रीजवाले हो म्हणाले.

"मग त्यांना सांगा, तुमच्या हाताला चव आहे. तुम्ही सांगत असालच म्हणा."

फ्रीजवाल्यांना घास लागला. मदतनीस बाईंनी पाठीवर थापट्या मारल्या. सहा वर्षांपूर्वी घरात बारा माणसं होती, त्यांतल्या एकाने जरी हे वाक्य म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते आपण म्हणायला हवं होतं, असं त्यांना त्या कललेल्या खुर्चीत पडल्या पडल्या वाटलं आणि फार लाज वाटली. शेवटी त्यांनी चाचरत विचारलं, की उरलेला तुकडा नेऊ का, घरी तिने स्वतः चाखलंच नाही. बाईंनी एका छोट्या डब्यात तो भरून दिला.

साडेपाचला ते घरी पोचले तेव्हा बायको बॅगेची चेन लावत होती. त्यांनी डबा तिच्यापुढे धरला. तिने झाकण काढलं, आणि काय आहे ते तिला बघताक्षणी कळलं. तिने वास घेतला, चमचा आणला आणि उभ्या उभ्याच खाऊ लागली.

"तुम्ही केलंत?"

त्यांनी मान डोलावली. एवढंसंच कसं, असं तिने विचारलं आणि मग फ्रीजवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या क्रीमपासून सुजलेल्या गालाच्या गृहस्थांपर्यंत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंचा निरोपही सांगितला, आणि तो खरं म्हणजे सहा वर्षं उशिरा पोचतोय हेही सांगितलं. बायको ऐकता ऐकता हसायला लागली. पेशंटच्या खुर्चीवर तर तिला इतकं हसू आलं की तिने पदराने डोळे पुसले. आठवड्यात पहिल्यांदा घरात हसणं झालं होतं. फ्रीजवाल्यांना वाटलं, लढाई जिंकली. बॅग आता पुन्हा माळ्यावर जाणार.

डब्यातला शेवटचा घास घेता घेता तिने सहज विचारलं, "पण दुकानात कशाला नेलंत? आपल्या फ्रीजमध्ये का नाही ठेवलंत?"

फ्रीजवाल्यांकडे गिऱ्हाइकांना द्यायची शंभर उत्तरं होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"तो गार करत नाही," ते म्हणाले.

तिने चमचा खाली ठेवला. "माहीत होतं तुम्हांला?"

"हो."

"कधीपासून?"

ते डब्याचं झाकण उलटंपालटं करू लागले.

"पाहुण्यांना पेले घ्या म्हणालात, तेव्हाही?"

"तेव्हाही," फ्रीजवाले म्हणाले.

तिने डबा आणि चमचा विसळून ठेवला, एप्रनवरचा क्रीमचा डाग बघून तो भिजत घातला आणि बॅग उचलली. फ्रीजवाल्यांनी ती तिच्या हातातून घेतली, तीही तिने घेऊ दिली. स्टॉपवर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. आज राहिलीस तर, असं ते एकदा म्हणाले, पण तेवढ्यात बस आली. खिडकीशी बसल्यावर तिने, गिझर बंद केलाय का बघा, एवढंच सांगितलं.

घरी येऊन त्यांनी गिझर बघितला. मग हत्यारांची पिशवी उपडी केली, फ्रीज भिंतीपासून ओढला आणि मागे आडवे झाले. तिथे सहा वर्षांची धूळ होती. थर्मोस्टॅट बदलला, दाराचं रबर बदललं, जाळी घासून काढली. फ्रीज सुरू झाला आणि इतक्या हलक्या आवाजात चालू लागला की त्यांना स्वतःच्या कामाचा अभिमान वाटायला हवा होता. आत थर्मामीटर ठेवून ते समोर स्टुलावर बसले. आकडा चारवर आला, तसा त्यांनी बायकोला फोन लावला.

"झाला," ते म्हणाले. "फ्रीज झाला."

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

हा प्रश्न गिऱ्हाइकं रोज विचारतात आणि फ्रीजवाले रोज वाढवून सांगतात. नाहीतर लोकांना आपल्या कामाची किंमत राहत नाही. आताही त्यांच्या जिभेवर काहीतरी मोठं आलं होतं.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले.

पलीकडून बसचा आवाज येत होता.

"मला वाटायचं," ती अगदी हळू म्हणाली, "फार मोठं काहीतरी बिघडलं असेल." आणि तिने फोन ठेवला.