माईंची लोखंडी खुर्ची

जेवणाच्या टेबलावर प्लॉटचा नकाशा पसरला होता, म्हणून माईंना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागलं. तिथेच त्यांचं डोकं फिरलं.

मुलगा नकाशावर बोट फिरवत होता. "हा कोपऱ्याचा प्लॉट. शहरापासून जरा लांब आहे, पण मोकळी हवा, भरपूर उजेड, आणि बस दारात थांबते."

"कोण म्हणालं?"

"एजंट."

"तो येतो का त्या बसने?"

सुनेने खाली मान घालून हसू गिळलं. एजंट पांढऱ्या मोटारीतून फिरायचा.

माईंचं चौथीनंतर शाळेशी पटलं नाही, पण खिडकीकडे नुसतं बघून पडद्याला किती कापड लागेल ते सांगायच्या. चाळीस वर्षं लोकांचे पडदे शिवले. मापं घ्यायला स्वतः गेल्या, गठ्ठे स्वतः पोचवले. नव्या घराजवळ बस नसेल तर हे सगळं बंद. मग मुलाला सवड होईल तेव्हा त्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, पिशवीसारखं पडून जायचं. जिने कधी कोणाला ‘मला तेवढं सोड रे’ म्हटलं नाही, ती आता या वयात म्हणणार होती होय?

"उद्या मी तिथे बसून बघते," त्या म्हणाल्या. "बस थांबली तर घर बांध. नाही थांबली तर या कागदावर मी भाजी निवडीन."

सकाळी आठ वाजता शिलाई मशीनपुढची लोखंडी खुर्ची प्लॉटच्या कोपऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून मांडली गेली. मुलगा गाडीत पेपर वाचत बसला. एजंट काळा चष्मा लावून आला. तेवढ्यात बस आली आणि धूळ उडवत निघून गेली.

"ड्रायव्हर नवा असेल," एजंट म्हणाला.

"आणि तुम्ही मुरलेले," माई म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने एक नर्सबाई घाईघाईने चालली होती. खुर्ची बघून थबकली. "काकू, इथे बस थांबते?"

"थांबते म्हणे."

"बरं झालं बाई. रोज चौकापर्यंत वीस मिनिटं तंगडतोड करते मी." ती खुर्चीमागे उभी राहिली. नर्सला बघून हत्यारांची पेटी घेतलेला प्लंबर थांबला. त्याला बघून दोन शिक्षिका. नऊपर्यंत खुर्चीमागे अकरा माणसं झाली. एक टायवाला मध्येच घुसायला लागला, तर माई मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "शेवट तिकडे आहे." तो मुकाट्याने शेवटी गेला.

एजंटाने त्याच प्लॉटसाठी आणखी एका नवरा-बायकोला बोलावलं होतं. ती दोघं आली आणि रांगेकडे बघतच राहिली.

"इथे रोज अशी गर्दी असते? आम्हाला शांत जागा हवी होती हो," बायको म्हणाली.

एजंट हातवारे करत धावला. "चला, बाजूला व्हा. जागा खाजगी आहे."

"आम्ही बससाठी उभे आहोत," प्लंबर म्हणाला.

"अहो, इथे बस थांबत नाही. आजवर कधी थांबली नाही. थांबा तिकडे चौकात आहे."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मुलगा पेपर गाडीतच टाकून खाली उतरला.

"ऐकलंस?" माई त्याला म्हणाल्या.

"ऐकलं. चल माई, घरी जाऊ."

"तू जा. माझ्या भरवशावर या अकरा माणसांना उशीर झालाय."

त्या उठल्या, खुर्ची उचलली, दोन पावलं पुढे, डांबराला चिकटून ठेवली आणि परत बसल्या. रांगही दोन पावलं पुढे सरकली. लांबून बस दिसली. माईंनी हात केला नाही, नुसतं ड्रायव्हरकडे बघितलं. पडदे आखूड झाले म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे त्या असंच बघायच्या.

बस थांबली.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काकू, इथे थांबा कधी झाला?"

"आज सकाळी आठ वाजता."

ड्रायव्हरने रांग मोजली आणि दार उघडलं. "उद्याही माणसं असतील तर थांबेन."

"असतील," अकराही जण म्हणाले.

"बघा, मी म्हणालो नव्हतो?" एजंट मुलाला म्हणाला.

माई बसच्या पायरीवर चढल्या होत्या. तिथूनच मुलाला म्हणाल्या, "घे प्लॉट. पण याच्या तोंडावर विसंबून नको, माझ्या खुर्चीवर घे. आणि ती हलवायची नाही."

पुढे गवंड्याने विचारलं, पाया कुठल्या कोपऱ्यापासून धरू. माईंनी रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवलं. सिमेंटचं पहिलं घमेलं खुर्चीच्या चार पायांना गेलं.

राहायला आल्यावर महिन्याभरात मुलाची गाडी बंद पडली. सकाळी तो बॅग घेऊन बाहेर आला आणि खुर्चीवर गठ्ठा घेऊन बसलेल्या आईशेजारी ऐटीत उभा राहिला. बस वळणावर आली होती.

माईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेवट तिकडे आहे."