अठ्ठावन्न किलोंचा उत्प्रेरक

बिराजदार सर कुणाची सोयरीक जमवायला निघाले की आधी माझ्या अडत दुकानात येऊन धान्याच्या काट्यावर उभे राहतात. चप्पल बाहेर, चष्मा डोळ्यांवर. आकडा स्वतः वाचतात, "अठ्ठावन्न" असं मोठ्यानं म्हणतात आणि एसटी पकडतात. लग्न पार पडलं की पुन्हा काट्यावर. पुन्हा अठ्ठावन्न. "बघ, जसाच्या तसा!" वजन वाढलं नाही की घटलं नाही म्हणून एवढा खूश होणारा माणूस अख्ख्या नळदुर्गात दुसरा नसेल.

सरांनी आम्हाला शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. परीक्षानळीत कसलीशी काळी पूड टाकून ते ऑक्सिजन काढायचे आणि शेवटी तीच पूड गाळून, वाळवून, तोलून दाखवायचे. वजन तेवढंच. "ह्याला म्हणायचं उत्प्रेरक. काम घडवतो, आपण बदलत न्हाय." आम्ही ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. सरांनी अंगाला लावून घेतलं.

निवृत्तीनंतर ते अडलेली लग्नं जमवू लागले. माझंही त्यांनीच जमवलं. त्याचा दोष मी त्यांना देत नाही, बायको देते. सर दोन्हीकडच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नाहीत, टॉवेल-टोपी परत करतात. वजनात फरक पडेल ना! मुलामुलीचंच मन नसेल तर तिथं पाऊल टाकत नाहीत. "जे व्हणारच न्हाय, ते उत्प्रेरकाच्या बापाच्यानंबी व्हत न्हाय." एकदा दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले, तर सरांनी हात जोडले. "परत्येक क्रियेचा उत्प्रेरक येगळा असतो बाबांनो. तुमचा तहसीलमधी बसतो."

मग त्यांच्याच मुलीचं, शुभाचं ठरवायची वेळ आली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात बाप-लेक दोघंच. मुलगा तेर गावचा, शुभाच्या मनातला, पण त्याच्या घरचे अडून बसलेले. सर नेहमीसारखे काट्यावर चढले. मी म्हणालो, "सर, इथं तुम्ही उत्प्रेरक न्हाय. पोरीचे बाप."

"काटा सांगंल," ते म्हणाले.

तेरच्या चार खेपा करून त्यांनी लग्न जमवलं, लावून दिलं. पण नंतर काट्याकडे फिरकेनात. पंधरवड्यानं आले तेव्हा शर्ट खांद्यांवर लोंबत होता. काट्यावर चढून ते खिशात चष्मा चाचपू लागले, तेवढ्यात मला आकडा दिसला. पंचावन्न. आमच्या धंद्यात जे पाप समजतात, ते मी केलं. पायाचा अंगठा काट्याच्या फळीवर टेकवला आणि दाबत दाबत आकडा अठ्ठावन्नावर आणला.

"जसेच्या तसे, सर!"

सरांनी आकडा वाचला. मग खाली पाहिलं.

"पाय काढ."

मी काढला. मला फार वाईट वाटलं. सरांनी खरा आकडा मोठ्यानं वाचला, "पंचावन्न."

"एकट्यापुरती भाकर थापायला हात उठत न्हाय रे," ते म्हणाले. "ह्या क्रियेत मी खर्ची पडलो."

मग खाली उतरून तुरीच्या पोत्यावर बसले. आणि माझ्या लग्नातही ज्यांनी पाण्यावर भागवलं होतं, त्या सरांनी मला विचारलं, "तुझ्या घरी आज कालवण कशाचं केलंय?"