खुर्चीतली हिरवी चौकट

डॉक्टरांचं किती ऐकावं याला काही मर्यादा हवी. आमच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना रोज संध्याकाळी फिरायला जायला सांगितलं आणि आम्ही मुकाट्याने जाऊ लागलो. इथपर्यंत ठीक होतं. पण माझे सासरे गेल्यापासून बायको फिरताना एक अक्षर बोलत नव्हती. मुक्याने किती चालणार? म्हणून मी ठरवलं, एक छोटासा कॅमेरा घ्यायचा आणि जाता-येता फोटो काढायचे. निदान "इकडे बघ" आणि "हस जरा" एवढं तरी बोलणं होईल.

"फोनमध्ये आहे की कॅमेरा," बायको म्हणाली.

फोनमधला कॅमेरा आणि खरा कॅमेरा यातला फरक मी तिला समजावून सांगितला. (तो मला आदल्या दिवशीच एका व्हिडिओतून समजला होता.) तिने एकच अट घातली. तिच्या पर्समध्ये छत्रीशेजारी मावेल एवढाच हवा, कारण शेवटी तो तिलाच उचलावा लागणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मी तिची पर्स घेऊनच गेलो. दुकानदाराने पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता एक हलकासा मिररलेस काढून समोर ठेवला. यात आरसा नसतो म्हणून वजन कमी, असं त्याने सांगितलं. छत्रीशेजारी तो चपखल बसला.

"पहिला मालक कसा होता?" मी विचारलं. जुनी वस्तू घेताना असं काहीतरी विचारायचं असतं.

"एकदम सज्जन. एकटेच राहायचे." मग लेन्स पुसता पुसता तो थांबला. "म्हणजे, ते तसं म्हणायचे."

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. पर्समध्ये मावला, या आनंदात होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी घर अगदी शांत होतं, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी कॅमेरा चालू केला. त्याच्या मागच्या पडद्यावर, चेहरा दिसला की हिरवी चौकट येते आणि चौकटीत जे येईल तेच फोटोत स्पष्ट उमटतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर चटकन चौकट आली. मग मी कॅमेरा सावकाश फिरवत नेला. घड्याळ. पडदा. कपाट. आणि खिडकीजवळची सासऱ्यांची रिकामी खुर्ची.

चौकट आली.

खुर्चीत कोणी नव्हतं. चौकट मात्र बरोबर तिथे होती, जिथे बसलेल्या माणसाचं डोकं येतं. मी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. चौकट होतीच. मध्येच ती क्षणभर गेली आणि परत आली, कोणी डोळे मिटून उघडावेत तशी.

"अगं," मी हाक मारली. आवाज माझाच होता, पण तो जरा उंच पट्टीत आला.

ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता किंचाळते. पण ती शांतपणे खिडकीशी गेली आणि पडदा अर्धा ओढून आली.

"त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं," ती म्हणाली.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होते, त्या खुर्चीत. फोटो काढून घ्यायचा त्यांना भारी तिटकारा. कोणी कॅमेरा काढला की हे तोंडासमोर वर्तमानपत्र धरत. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते पाठमोरे आहेत. त्यामुळे बायकोजवळ वडिलांचा धड एकही फोटो नाही, आणि ते गेल्यावर हे तिच्या जिवाला फार लागलं होतं. माझ्याबद्दल त्यांचं मत लग्न ठरतानाच पक्कं झालं होतं. पहिल्या भेटीनंतर ते मुलीला म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे गं, पण घरी येईपर्यंत त्याचा चेहरा विसरलो."

त्या दुपारपासून आमच्या घराचं रूपच पालटलं. बायकोने पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा खुर्चीकडे तोंड करून ठेवला आणि त्याचा मागचा पडदाही उलटून पुढे वळवला, म्हणजे खुर्चीशेजारी बसूनही चौकट दिसे. बॅटरी उतरली की ती स्वतः चार्ज करून लावायची. आणि ती बोलू लागली! भाजी निवडता निवडता ती खुर्चीला दिवसभराच्या बातम्या सांगायची. कधी मध्येच थांबायची आणि "हो, ते मी यांना सांगितलंय, पण हे ऐकतील तर ना," असं म्हणायची. मी पेपरामागे लपून ऐकायचो. खुर्ची माझ्याबद्दल नेमकं काय म्हणाली, हे विचारायचा धीर होत नव्हता.

पण खरी भीती पुढेच होती. एकदा मी चष्मा शोधत कॅमेरा आणि खुर्ची यांच्या मधून गेलो. सहज पडद्याकडे मान वळवली, तर चौकट गायब. मी बाजूला झालो, चौकट हजर. पुन्हा मध्ये उभा राहिलो, चौकट गायब. म्हणजे रिकाम्या खुर्चीत चेहरा होता आणि मी उभा राहिलो की तिथे कोणीच नव्हतं!

मी हसून पाहिलं. डोळे वटारून पाहिलं. चष्मा काढला, मिशी ओठांवरून वर सारली. चौकट काही येईना.

नोकरी माझी ओळखपत्रांच्या कचेरीत. लोकांचे फोटो तपासायचे आणि "चेहरा स्पष्ट नाही" असा शिक्का मारून परत द्यायचे, हे माझं काम. दुसऱ्या दिवशी मी एकही शिक्का मारला नाही. प्रसाधनगृहातला, हात धरला की आपोआप चालू होणारा नळ माझ्यासाठी चालू होईना. बँकेचं आपोआप उघडणारं दार माझ्यासमोर बंदच राहिलं. मागून एक बाई आल्या तेव्हा उघडलं आणि मी त्यांच्या मागोमाग आत शिरलो. त्या मागे वळून इकडेतिकडे पाहू लागल्या, पण त्यांची नजर माझ्यावर थांबली नाही. मी आहे ना? का मीच गेलोय आणि सासरे आहेत? घरी येऊन मी आरशात पाहिलं. आरशात होतो. पण कॅमेऱ्यात आरसा नव्हता, हेही आठवलं.

शेवटी मी दुकानदाराला गाठून खुर्चीचं आणि माझं सगळं सांगितलं. (कॅमेरा खुर्चीसमोरून हलवायची परवानगी मागताना मी बायकोला बॅटरीचं काहीतरी खोटं सांगितलं.) त्याने कॅमेरा माझ्यावर रोखला. मग शेजारच्या गिऱ्हाइकावर. मग परत माझ्यावर. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, तुम्ही जरा हलता का?"

"मी पुतळ्यासारखा उभा आहे."

"मग जरा हला."

हललो. काही नाही.

"हे बघा, याला काय, दोन डोळे आणि खाली तोंड असं काहीतरी दिसलं की झालं," तो म्हणाला. "खुर्चीवर तसा एखादा डाग, एखादी सुरकुती असेल. नीट बघा."

"आणि मला काय कमी आहे?"

"छे छे, कमी काहीच नाही," तो घाईघाईने म्हणाला. "पण आता खुर्चीची गोष्ट वेगळी."

घरी आलो तेव्हा बायको बाहेर गेली होती. मी त्या खुर्चीजवळ गेलो. इतक्या वर्षांत मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती, कारण तिच्यात कायम सासरे असायचे. पाठीच्या कापडी कव्हरवर, डोकं टेकायच्या जागी, तेलाचा एक गोल काळपट डाग होता. त्यात झिजून पडलेले दोन फिकट ठिपके आणि खाली एक चुणी. बघता बघता डाग माझ्याकडे बघू लागला. नापसंतीनेच.

बस्स, ठरलं! हे कव्हर धुऊन टाकायचं, म्हणजे भुताचाही निकाल लागेल आणि घरात मी एकटाच पुरुष उरेन. कव्हर काढलं, बादलीत साबण कालवला आणि आता बुडवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावाल तर बघा!"

पर्स तशीच खाली टाकून बायकोने ते कव्हर माझ्या हातातून हिसकावलं आणि छातीशी धरलं. तिला रडू फुटलं. वडील गेल्यावर ती रडली नव्हती. आज रडली.

"अगं, पण तो नुसता डाग आहे," मी चाचरत म्हणालो.

"मला माहीत नाही का? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा आहे तो. म्हणून तर मी कव्हर धूत नाही." तिने डोळे पुसले. "पण त्या कॅमेऱ्याला तिथे माणूस दिसला ना! मला वाटलं, मला एकटीलाच दिसतंय."

मला फार वाईट वाटलं. बादलीतलं पाणी ओतून मी ते कव्हर स्वतःच्या हाताने परत चढवलं, डाग बरोबर जागेवर येईल असं.

"बसा त्यात," ती म्हणाली.

"मी?" त्या खुर्चीत ते गेल्यापासून कोणी बसलं नव्हतं.

"बसा. तुमचा एक फोटो काढते."

मी भीत भीत टेकलो. पाठ जरा गार लागली. डागाला धक्का नको म्हणून मी डोकं एका अंगाला कलतं ठेवलं. बायकोने कॅमेरा उचलला आणि तिचा चेहरा उजळला.

"आली! चौकट आली!"

काय सांगू मला काय वाटलं! मी आहे तर! मी अगदी मनापासून हसलो आणि तिने बटण दाबलं.

फोटो सुरेख आलाय. कव्हरचा धागान् धागा मोजून घ्यावा, डोळ्यांचे ठिपके, तोंडाची चुणी, सगळं लख्ख. अलीकडे, एका बाजूला, काहीतरी धुरकट हसतंय.

बायकोने तो मोठा करून बैठकीत लावलाय. आता फिरताना तीही बोलते, बहुतेक वडिलांबद्दल. येणारा पाहुणा त्या फोटोपाशी हटकून थबकतो, दचकतो आणि हळू आवाजात विचारतो, "वहिनी, खुर्चीतलं हे धुरकट काय आहे हो?"

"ते होय?" बायको शांतपणे म्हणते. "घाबरू नका. ते आमच्याकडेच असतात. काही करत नाहीत."